देशी बदामाचे वाळके पान आणि काळ्या नद्यांचे पाणी

मुंबईत किंवा कोकणात आवारात देशी बदाम नसलेली शाळा शोधावीच लागेल. कोणी त्याला बंगाली बदाम म्हणतात, कोणी जंगली बदाम. वर्षातून दोनदा त्याची पाने शेंदरी-तांबडी होऊन गळतात, आणि शाळेचे शिपाई घमेली भरभरून ती कोपऱ्यात नेऊन पेटवून देतात. हीच पाने पुसून, सपाट करून, प्लास्टिकच्या पिशवीत दहा-दहा भरून शोभेच्या माशांच्या दुकानात विकायला असतात. पन्नास पावले चालले तर फुकट मिळणारी वस्तू लोक पैसे देऊन घेतात, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असले पाहिजे, किंवा निदान काहीतरी समजूत तरी असली पाहिजे. कारण किती आणि समजूत किती, हे पाहण्यासाठी आम्ही या पानाच्या मागे लागलो. पण खरे सांगायचे तर आमच्या हातून झालेल्या एका चुकीमुळे लागलो.

काही वर्षांपूर्वी विज्ञानदिनाच्या निमित्ताने आम्ही एका शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेच्या खिडकीशी पन्नास लिटरची काचेची टाकी होती. तीत सहा गप्पी, तीन निऑन टेट्रा आणि दोन गुरामी असे अकरा मासे होते. पाणी मात्र कोऱ्या चहासारखे तांबूस होते आणि तळाशी बदामाची दोन पाने पडली होती. शिक्षिकाबाई जरा संकोचून म्हणाल्या, "दुकानदाराने टाकायला सांगितली. पण मुख्याध्यापक म्हणतात पाणी घाण दिसते. काय करू?" आम्ही टाकीकडे एक नजर टाकली आणि तज्ज्ञाच्या आविर्भावात सांगून टाकले, "पाने काढा, पाणी बदला." बाईंनी त्याच संध्याकाळी सगळे पाणी उपसून थेट नळाचे पाणी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही निऑन आणि एक गुरामी मेलेले होते. आठवड्याने मुलांचे पत्र आले. त्यात एकच प्रश्न होता : पाणी स्वच्छ केल्यावर मासे कसे मेले?

याचे अर्धे उत्तर सोपे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशांच्या कल्ल्यांना भाजतो. पाणी रात्रभर उघडे ठेवून, आणि तेही थोडे थोडेच, बदलायला हवे होते, हे सांगायला आम्ही विसरलो. दोष पाने काढण्याचा नव्हता, आमच्या अर्धवट सल्ल्याचा होता. पण पत्र वाचल्यावर लक्षात आले की मूळ प्रश्नाला आम्ही हातच घातला नव्हता. ते तांबूस पाणी घाण होते का? माशाच्या दृष्टीने स्वच्छ पाणी म्हणजे काय? या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवातच एका कुजक्या पानापासून होते.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८४१ साली स्थापन झालेल्या तिथल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. झाडे प्राणवायू देतात, प्राणी कार्बन डायऑक्साइड देतात, तेव्हा दोघांना एकाच भांड्यात ठेवले तर पाणी न बदलता दोघेही जगतील का, असा प्रश्न त्यांना पडला. बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे चोपन्न लिटरच्या काचपात्रात त्यांनी वाळू आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. आपल्या शाळेच्या टाकीएवढेच ते भांडे! काही दिवस ठीक गेले. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला आणि मासे धोक्यात आले. वॉरिंग्टननी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले, आणि गोगलगाईंची अंडी माशांना खायला मिळाली ती वेगळीच. १८५० साली त्यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. प्राणी, वनस्पती आणि सडके खाणारा तिसरा जीव अशी ही तिपाई आहे, हा त्यांचा मुद्दा होता. घरगुती मत्स्यालयाच्या शास्त्राची सुरुवात इथून धरतात.

पुढे सगळे भराभर झाले. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ साली फिलिप गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि मध्यमवर्गीय घरांतून काचेच्या टाक्यांची साथच पसरली. साथ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. १८४९ आणि १८५४ या दोन्ही वर्षी लंडनमध्ये पटकीने थैमान घातले होते, आणि याच काळात डॉ. जॉन स्नो पटकी पाण्यातून पसरते हे सिद्ध करण्यासाठी धडपडत होते. गढूळ पाण्याविषयी ज्या शहराच्या मनात धास्ती होती, त्या शहरात मत्स्यालयाची कल्पना वाढली. टाकीतले पाणी काचेसारखे नितळ आणि बिनरंगाचे हवे, तळाशी एकही मेलेले पान दिसता कामा नये, हा दंडक तेव्हा पडला तो आजवर टिकला. पुढे पाणी कोळशातून गाळण्याची यंत्रे आली ती याच दंडकाची सोय म्हणून. आमच्या तोंडून "पाने काढा" हे जे चटकन निघाले, ते बहुधा आम्ही नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातले लंडनच बोलत होते.

आता त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते ते पाहू. ३१ डिसेंबर १८४९ रोजी सव्वीस वर्षांचा एक इंग्रज तरुण ॲमेझॉन नदीतून बार्रा या गावी पोचला. आजचे मानाउस ते हेच. तरुणाचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते नंतरचे. तेव्हा ते पक्षी-कीटकांचे नमुने गोळा करून विकणारे एक सामान्य संग्राहक होते. बार्रापाशी ॲमेझॉनला रिओ निग्रो येऊन मिळते. निग्रो म्हणजे काळी, आणि नाव अगदी यथार्थ आहे. ॲमेझॉनचे दुधाळ-मातकट पाणी आणि निग्रोचे काळे पाणी कित्येक किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी वाहते.

काळ्या नद्या वॉलेसनी शोधल्या असे नाही. तिथले रहिवासी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होतेच, आणि वॉलेसच्या आधी अर्धशतक, १८०० साली, अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि एमे बाँप्लाँ ओरिनोकोतून होडी हाकत अताबापो या नदीत शिरले होते. हम्बोल्टनी लिहून ठेवले आहे की पाण्याचा रंग कॉफीसारखा होता, तरी ते पारदर्शक आणि चवीला उत्तम होते. आणि ओरिनोकोवर जीव नकोसा करणारे डास या काळ्या पाण्यावर जवळजवळ नाहीसे झाले होते. गढूळ आणि रंगीत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांनी नीट पाहिला होता. चहा गाळला की तो रंगीत असतो, गढूळ नसतो. मुलांना हा फरक समजावून द्यायला यापेक्षा बरे उदाहरण नाही.

वॉलेसनी पुढचे पाऊल टाकले. १८५३ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील नद्यांचे पाण्याच्या रंगावरून पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या असे तीन वर्ग पाडले, आणि काळा रंग कुजणारी पाने, मुळे वगैरे पाण्यात विरघळल्यामुळे येतो असे म्हटले. रिओ निग्रोवर आणि तिच्या उपनद्यांवर त्यांनी सुमारे दोन वर्षे काढली आणि सापडेल त्या माशाचे पेन्सिलीने चित्र काढले. परतीच्या वाटेवर, ६ ऑगस्ट १८५२ रोजी, भर अटलांटिक महासागरात त्यांच्या 'हेलन' या जहाजाला आग लागली. नमुन्यांच्या पेट्या डोळ्यांदेखत जळाल्या. हाती लागेल ते एका पत्र्याच्या पेटीत कोंबून ते होडीत उतरले, आणि त्यात माशांची चित्रे होती. दोनशेहून अधिक चित्रांचा हा संच शेवटी २००२ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी, ब्राझीलमध्ये पुस्तकरूपाने छापला गेला.

म्हणजे पहा, १८५० साली लंडनमधला एक शास्त्रज्ञ दोन माशांना कुजक्या पानांपासून वाचवत होता, आणि त्याच वर्षी दुसरा एका अशा नदीची वाट धरून होता, जिचे सारे पाणीच कुजक्या पानांचा काढा आहे आणि जिच्यात आज माशांच्या हजाराहून अधिक जाती माहीत आहेत. दोघेही बरोबर होते. दोघांची सांगड घालायला मात्र शंभर वर्षे लागली.

ती घालण्याचे बरेचसे श्रेय हाराल्ड झिओली या जर्मन सरोवरशास्त्रज्ञाकडे जाते. १९३८ साली ते ब्राझीलला गेले, युद्धामुळे तिथेच अडकले आणि मग तिथल्याच नद्यांचे होऊन राहिले. वॉलेसनी जे डोळ्यांनी पाहिले होते, ते त्यांनी रसायनशास्त्राने मोजले. रिओ निग्रोच्या पाण्याचा सामू चार ते पाचच्या आसपास असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम हे क्षार जवळजवळ नाहीतच. विद्युत्‌वाहकता सुमारे दहा मायक्रोसीमेन्स, तर आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्याची कित्येक शे भरते. रंग सोडला तर हे जवळपास ऊर्ध्वपातित पाणीच म्हणायचे. याचे मूळ जमिनीत आहे. या नदीचा बराच प्रदेश पांढऱ्याशुभ्र वाळूचा आहे. चिकणमाती असती तर तिने पानांतून उतरणारी तपकिरी ह्युमिक द्रव्ये धरून ठेवली असती. वाळू काहीच धरत नाही, सगळे नदीत उतरते.

पण मग आपल्याकडेही वाळूच्या जागा आहेत, तिथले ओढे काळे का होत नाहीत? १९७४ साली डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञाने एक मोठी चलाख कल्पना मांडली. निकृष्ट वाळूत वाढणाऱ्या झाडाला एकेक पान महाग पडते. किड्याने खाल्ले तर दुसरे बनवायला खतपाणी कुठून आणायचे? म्हणून असे झाड पानात टॅनिनसारखी तुरट, कडू द्रव्ये ठासून भरते. पान गळते तेव्हा ती द्रव्येही त्याच्याबरोबर पाण्यात जातात. नदीचा काळा रंग म्हणजे झाडांनी किड्यांविरुद्ध केलेल्या तटबंदीचा धुवून आलेला चुना! कल्पना म्हणून आम्हाला ती फार आवडते. सगळ्या काळ्या नद्यांना ती लागू पडते असे मात्र म्हणवत नाही. जमिनीचे कारण अधिक पक्के आहे.

पाण्यात पडलेल्या पानाचे पुढे काय होते, ही गोष्ट निराळ्याच लोकांनी उलगडली, आणि ती मत्स्यालयवाल्यांपर्यंत फार उशिरा पोचली. १९४२ साली इंगोल्ड या कवकशास्त्रज्ञाला ओढ्यात कुजणाऱ्या आल्डरच्या पानांवर विलक्षण बुरशा सापडल्या. त्यांचे बीजाणू चार हातांच्या नांगरासारखे असतात, म्हणजे वाहत्या पाण्यात पुढच्या पानाला अडकून बसायला सोयीचे. धबधब्याखाली साचणाऱ्या फेसात हे बीजाणू अडकतात. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही अशा बुरशा भरपूर आहेत. मंगळूर विद्यापीठातील संशोधकांनी त्यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. पावसाळी सहलीत ओढ्यावरचा चमचाभर फेस बाटलीत भरून आणावा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. चार हातांचा एखादा बीजाणू दिसला की वर्गाचा तास सार्थकी लागतो.

१९७१ साली कौशिक आणि हाइन्स या दोघांनी कॅनडातून आणखी एक गोष्ट दाखवली. पाण्यातल्या पानाचे वजन घटत जाते, पण त्यातल्या प्रथिनांचे प्रमाण वाढते. मेलेल्या पानात प्रथिने येतात कुठून? पानावर वाढणाऱ्या बुरशीची ती प्रथिने. पानातले सेल्युलोज आणि लिग्निन बहुतेक किड्यांना पचत नाही, बुरशीला पचते. किडा पान खाताना खरे तर पानावरची बुरशी खात असतो. केनेथ कमिन्स यांनी याला बिस्किटावर लावलेल्या शेंगदाण्याच्या लोण्याची उपमा दिली. आम्ही वर्गात भाकरी आणि लोणी म्हणतो. भाकरी पोट भरायला, पुष्टी लोण्याची.

याचा ॲमेझॉनमधला पुरावा १९८६ साली हेंडरसन आणि वॉकर यांनी दिला. मानाउसजवळच्या एका काळ्या ओढ्यात तळाशी साचलेल्या पानांच्या थरात त्यांनी अन्नसाखळी तपासली. पाणवनस्पती नाहीत, शेवाळ नगण्य. काळ्या पाण्यातून उजेडच पोचत नाही, तर प्रकाशसंश्लेषण कुठून होणार? तरीही पानांच्या थरात लहान मासे गजबजलेले होते. त्यांचे भक्ष्य म्हणजे किड्यांच्या अळ्या आणि झिंगे, आणि त्या अळ्या-झिंग्यांचे पोट बुरशी लागलेल्या पानांवर. अन्न, आडोसा, अंडी घालायची जागा, सगळे पानेच. वॉरिंग्टनच्या तिपाईतला हिरव्या वनस्पतीचा पाय इथे नाहीच. त्याच्या जागी मेलेले पान आहे.

इकडे मत्स्यालयांच्या जगात काळ्या पाण्याचे मासे आधीच शिरले होते. १९३६ साली पेरूतून आलेल्या निऑन टेट्राला शास्त्रीय नाव मिळाले आणि या निळ्या-लाल माशाने युरोप-अमेरिकेला वेड लावले. मासा जगे, पण टाकीत त्याची वीण होईना. अंड्यांवर बुरशी चढे. हळूहळू कळले की पाणी फार सुफेन, आम्लधर्मी आणि उजेड अगदी मंद हवा. जर्मन हौशी लोकांनी पाणी पीटमधून, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीतून गाळायला सुरुवात केली. पाणी तांबूस झाले आणि अंडी तगू लागली. १९५६ साली रिओ निग्रोतला त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा आला. त्याच्या बारशाची गंमत सांगण्याजोगी आहे. दोन वेगळ्या शास्त्रज्ञ-गटांनी दोन वेगळी नावे एका दिवसाच्या फरकाने छापली, २० आणि २१ फेब्रुवारीला. आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाला निवाडा करावा लागला आणि एक दिवस आधीचे नाव टिकले.

देशी बदामाचे पान या गोष्टीत आग्नेय आशियातून येते. थायलंडमध्ये झुंजीचे मासे, म्हणजे आपल्या दुकानांतले 'फायटर', पाळणारे लोक त्यांच्या भांड्यात या झाडाची वाळलेली पाने घालतात. झुंजीतल्या जखमा लवकर भरतात, हा त्यांचा अनुभव. झाडाचे शास्त्रीय नाव टर्मिनेलिया कटापा. त्यातला कटापा हा शब्द मलय भाषेतल्या केतापांगवरून आला. १७६७ साली लिनियसने हे नाव देताना ज्या जुन्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यांत 'होर्टुस मलाबारिकुस' आहे. कोचीनचा डच गव्हर्नर फॉन र्‍हेडे याने सिद्ध केलेल्या या बारा खंडांच्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात, १६८३ साली, हे झाड 'अदामरम' या मलबारी नावाने आले आहे. या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

बदामाचा एक सख्खा भाऊ आपल्या चांगल्या परिचयाचा आहे, तो म्हणजे हिरडा. ऐन आणि अर्जुन हेही याच टर्मिनेलिया कुळीतले. सह्याद्रीतला हिरडा कातडी कमावण्यासाठी का वापरतात? टॅनिनसाठी. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते, त्यामुळे कातडे सडत नाही. बदामाच्या पानातही याच जातीची टॅनिन द्रव्ये आहेत. वर्गात दाखवायचे तर वाळके पान पाण्यात उकळून काढा गाळून घ्यावा आणि त्यात हिराकसीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. क्षणात निळी-काळी शाई तयार होते. हिरड्याची शाई ती हीच.

तर मग थाई लोकांचा अनुभव कसाला उतरतो का? २००५ साली थायलंडमध्येच तिलापिया माशावर प्रयोग झाले. लिटरला ८०० मिलिग्रॅम या प्रमाणात बदामपानांच्या द्रावणाने ट्रायकोडिना हा परजीवी नाहीसा झाला, आणि २०० मिलिग्रॅमला अंड्यांवरची बुरशी कमी झाली. २००७ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी माशांना ग्रासणाऱ्या सॅप्रोलेग्निया या पाणबुरशीची वाढ ह्युमिक द्रव्यांनी मंदावते असे दाखवले. मात्र सगळ्या ह्युमिक द्रव्यांनी सारखी नाही. रिओ निग्रोच्या माशांवर काम करणाऱ्या शरीरक्रियातज्ज्ञांनाही असे आढळले आहे की इतक्या आम्ल आणि क्षारहीन पाण्यात कल्ल्यांतून सोडियम झिरपून जाण्याचा जो धोका असतो, तो ही विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये काहीशी कमी करतात.

म्हणजे समजुतीत तथ्य आहे. पण इथेच पेन्सिल हातात घ्यावी. आमच्या तराजूवर बदामाचे एक वाळके पान दोन ते चार ग्रॅम भरते. तीन धरू. पन्नास लिटरच्या टाकीत एक पान म्हणजे लिटरला साठ मिलिग्रॅम, आणि तेही अख्खे पान विरघळले असे मानून. ८०० चे प्रमाण गाठायला तेरा-चौदा पाने लागतील. दुकानदार सांगतो एक. तेव्हा एका पानाने रोग बरे होतात हे म्हणणे या प्रयोगांवरून तरी सिद्ध होत नाही.

दुसरी समजूत, पानाने पाणी आम्लधर्मी होते, ही. शाळेच्या विहिरीचे पाणी घेऊ. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींना लिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता असणे मुळीच नवलाचे नाही. पन्नास लिटरमध्ये ती दहा ग्रॅम झाली, म्हणजे २०० मिलि-सममूल्य. आता पानातून गॅलिक आम्लासारखे एखादे आम्ल चांगले एक ग्रॅम उतरले असे उदारपणे मानू. त्याचा रेणुभार १७०, म्हणजे सुमारे ६ मिलि-सममूल्य. दोनशेपुढे सहा! पाणी तांबूस होईल, पण सामू हलणारही नाही. पावसाच्या पाण्यात मात्र अल्कता जवळजवळ शून्य असते, तिथे तेच पान सामू झटकन खाली आणते. रिओ निग्रो काळी आहे म्हणून आम्ल नाही. तिच्यात आम्ल मारायला क्षारच नाहीत, म्हणून ती आम्ल आहे.

हे तपासायला तीन बाटल्या पुरतात. एकीत साठवलेले पावसाचे पाणी, दुसरीत रात्रभर ठेवलेले नळाचे, तिसरीत विहिरीचे. तिन्हींत पानाचा सारखाच तुकडा टाकावा आणि आठवडाभर रोज वैश्विक दर्शकाने सामू पाहावा. रंग तिन्हींचा जवळपास सारखा होतो, सामू नाही. रंगावरून पाण्याची परीक्षा करणाऱ्याला, म्हणजे आमच्यासारख्याला, ही चांगली शिक्षा आहे.

टाकीत पान टाकायचेच असेल तर ते गळून पूर्ण वाळलेले असावे. हिरवे पान साखर आणि प्रथिनांसकट सडते आणि जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेल्या बागेतली पाने नकोत. आणि 'वाळके पान' एवढेच ऐकून मुले कुठलेही पान उचलतील, त्यांना कण्हेर ओळखता आली पाहिजे. ती विषारी आहे. गप्पीला या सगळ्याची गरजच नाही, तो दुष्फेन पाण्यात सुखी असतो.

काळ्या पाण्याकडे घाण म्हणून पाहण्याची किंमत टाकीबाहेर फार मोठी आहे. सुमात्रा, बोर्निओ, मलेशियातल्या पीट-दलदलींचे पाणीही असेच चहाच्या रंगाचे, सामू तीन-चारच्या घरात. निरुपयोगी पाणथळ म्हणून त्या चर खणून सुकवल्या गेल्या, तेलताडाच्या लागवडी झाल्या, १९९७ साली त्यांना लागलेल्या आगींचा धूर देशोदेशी पसरला. तिथे मासे नसतीलच, असे बराच काळ धरले गेले होते. २००६ साली सुमात्राच्या अशाच दलदलीतल्या पेडोसिप्रिस या माशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची पूर्ण वाढलेली सर्वांत लहान मादी ७.९ मिलिमीटर भरली. त्या वेळी ज्ञात असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांतला तो सर्वांत लहान मानला गेला.

मुलांच्या पत्राला आम्ही उत्तर लिहिले ते चार पानी झाले. त्यात आमची चूकही लिहिली. पुढच्या पावसाळ्यात त्या शाळेने दोन टाक्या केल्या. एक विहिरीच्या पाण्याची, तीत गप्पी. दुसरी गच्चीवरून धरलेल्या पावसाच्या पाण्याची, बदामाच्या पानांसह, अजून रिकामी. महिनाभर मुलांनी रोज सामू लिहिला. सहावर स्थिरावल्यावर निऑन आणायचे असे ठरले होते. पण त्याआधीच पानांवर पांढरी साय धरली, आणि एका मुलीने तिचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नांगरासारखे बीजाणू काही दिसले नाहीत, ते वाहत्या पाण्यातले. दिसले ते बुरशीचे धागे आणि त्यांच्यावर चरणारा एक पारदर्शक, केसाळ जीव. त्याचे नाव काय, म्हणून वहीतले चित्र आमच्याकडे आले आहे. आम्ही अजून ओळखतो आहोत.